पोरीचं इंग्रजी आणि औषधाच्या बाटलीवरचा कागद

थोरलीला नववीच्या पहिल्या घटक चाचणीत इंग्रजीत २० पैकी ६ मार्क पडले. २०२२ चा ऑगस्ट होता. बाकी विषयांत ठीक होती, विज्ञानात तर १६. ती सेमीला, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतूनच शिकते आणि त्यात पास होते. मग खुद्द इंग्रजीतच दांडी कशी उडते, हे मला कळेना. कळलं नाही की बाप जे करतो ते मी केलं. ओरडलो.

त्या ओरडण्यामागं एक जुनं दुखणं होतं. मी १९९८ च्या मार्चला दहावीला बसलो. आमच्या वेळी एबीसीडी पाचवीत भेटायची. पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झालं, तोवर आमची गाडी पुढं गेली होती. मार्चला इंग्रजीत २९ वर अडकलो आणि ऑक्टोबरला सुटलो. गावात त्याला 'वारी' म्हणायचे. एकाच वारीत पांडुरंग पावला खरा, पण पुढं कॉलेजचं नाव काढलं नाही, सरळ बागेत उतरलो. तासगाव तालुक्यात आमची दोन एकर द्राक्षं आहेत. तेव्हा तिच्या ६ मार्कांत मला माझे २९ दिसत होते. हे आज कळतं. त्या दिवशी नुसता आवाज चढला होता.

ओरडून झाल्यावर क्लास लावला. एका खोलीत साठेक पोरं, सर फळ्यावर उत्तरं लिहिणार, पोरं उतरून घेणार. उतरून घेण्यात आमची पोरगी पहिल्यापासून हुशार. दोन महिन्यांत वही भरली, मार्क २० पैकी ७ झाले. एका मार्काला किती पैसे पडले याचा हिशेब मी मनात केला आणि मनातच ठेवला.

मग कुणीतरी सांगितलं की घरात इंग्रजी बोलायला लागा, आपोआप येतं. मी फर्मान काढलं: रात्रीच्या जेवणाला सगळ्यांनी इंग्रजीतच बोलायचं. पहिल्या रात्री 'गिव्ह मी भाकरी', 'वॉटर', 'नो, इनफ' एवढं झालं आणि पुढं सगळे गप. धाकटा नुसता ताटाकडं बघत जेवला. आई माझी बाहेरच्या खोलीतून म्हणाली, "आज काय सुतक पाळलंय का रे घरात?" चौथ्या दिवशी मलाच डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाल्याची बातमी सांगायची होती आणि ती इंग्रजीत येईना. फर्मान तिथंच संपलं.

खरी गोष्ट बायकोच्या हाती लागली. तिनं दप्तर आवरताना पोरीचं पुस्तक उघडलं आणि मला दाखवलं. प्रत्येक ओळीच्या डोक्यावर बारीक पेन्सिलीनं देवनागरीत उच्चार लिहिलेले. 'द ओल्ड मॅन वॉज सिटिंग' असं पानच्या पान. म्हणजे ती इंग्रजी वाचत नव्हतीच, मराठी अक्षरं वाचत होती आणि उत्तरं पाठ करत होती. त्या पेन्सिलीच्या ओळी बघून मला घाम आला, कारण माझं दहावीचं पुस्तक अगदी तसंच होतं. मी फक्त बॉलपेनानं लिहायचो.

त्या रात्री मी तिला काही बोललो नाही. काय बोलावं हे सुचलंच नाही, असं म्हणणं जास्त खरं.

ऑक्टोबरची छाटणी झाली, फुटी निघाल्या आणि पाऊस लागून राहिला. द्राक्षवाल्याला सांगायला नको, अशा हवेत डाऊनी, म्हणजे केवडा रोग, धावत येतो. दुकानदारानं नवीन औषध दिलं. प्रमाण त्यानं तोंडी सांगितलं होतं, पण मला खात्री करायची होती. बाटलीला चिकटलेली घडीची चोपडी असते ना, तिच्यात सगळं असतं, पण मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत. मराठी भागही होता. तो वाचला तर 'प्रतीक्षा कालावधी', 'अंतःप्रवाही' असले शब्द. असं मराठी मी शाळेतसुद्धा ऐकलं नव्हतं. मी पोरीला हाक मारली. तुझे डोळे चांगले आहेत, एवढं वाचून दाखव म्हटलं.

"मला न्हाई येत इंग्रजी. तुम्हीच म्हणता की."

हे लागलं मला. म्हटलं, बरं, मला तर त्याहून येत नाही, मिळून बघू. उद्या सकाळी फवारा घ्यायचाय.

पंप ठेवतो त्या खोलीत, बल्बखाली, पोत्यावर बसून आम्ही तो कागद उलगडला. त्यात एक तक्ता होता: पीक, रोग, हेक्टरी मात्रा, पाणी, आणि शेवटच्या रकान्यात शेवटच्या फवारणीपासून काढणीपर्यंत थांबायचे दिवस. ती अडखळत एकेक शब्द लावत गेली. 'डायल्यूशन' आला आणि ती थांबली. मला वाटलं अडली. तर म्हणाली, "पप्पा, ह्ये आम्हाला केमिस्ट्रीत आहे. डायल्यूट ॲसिड. म्हणजे पाणी घालून पातळ केलेलं." मग हेक्टरचा एकर तिनंच केला, अडीचनं भागून, आणि एका टाकीला किती हे वहीच्या मागच्या पानावर काढून दिलं. दुकानदाराच्या तोंडी हिशेबापेक्षा थोडं कमी निघालं. मी फोन करून विचारलं तर तो म्हणाला, "हां हां, तेवढंच. मी राउंड करून सांगितलं होतं."

बाटलीवरच्या चौकोनातल्या रंगाचं मी तिला सांगितलं: लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. रंगाखाली काय लिहिलंय ते तिनं मला वाचून दाखवलं. इतकी वर्षं मी रंग बघत होतो, खालचं अक्षर कधी वाचलं नव्हतं.

त्या रात्री ती पोत्यावरून उठली तेव्हा चाचणीच्या कागदाआधीची पोरगी दिसली मला. तिला शिकवायला मी दोन महिने धडपडलो होतो, त्यातून काही निघालं नव्हतं; मला शिकवायला तिला वीस मिनिटं मिळाली आणि ती सरळ बसली. मग मी ठरवलं की आपण शिकायचं. खोटं खोटं नव्हे. मला खरंच येत नव्हतं.

निर्यातीसाठी द्राक्षं द्यायची तर औषधाचा अंश तपासला जातो. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची औषधांची यादी असते, त्यात प्रत्येकापुढं 'पीएचआय'चे दिवस. आम्ही सगळे बागायतदार पीएचआय, पीएचआय म्हणतो. पोरीनं विचारलं, त्याचा फुल फॉर्म काय? मला माहीत नव्हता. तिनं मोबाइलवर काढला: प्री-हार्वेस्ट इंटरव्हल. 'प्री' म्हणजे आधी हे तिला प्रीपेडवरून माहीत, 'इंटरव्हल' सिनेमातला. काढणीआधीचं मध्यंतर! असा अर्थ लागल्यावर आम्ही दोघं हसलो, आणि मी तो शब्द जन्मात विसरणार नाही.

मग नादच लागला. बागेत आम्ही दिवसभर इंग्रजीच बोलत असतो हे तेव्हा ध्यानात आलं. थिनिंग, डिपिंग, पेस्टिंग, कॅनॉपी, ब्रिक्स, रिजेक्शन. घडातले मणी विरळायचे असले की निरक्षर बायासुद्धा 'थिनिंगला जायचंय' म्हणतात. तिनं जुन्या डायरीत बागेतल्या शब्दांची पानं केली. 'सबकेन' मात्र तिला डिक्शनरीत सापडेना. मी वेलीजवळ नेऊन दाखवलं: ही मुख्य काडी, हिचा शेंडा पानं मोजून खुडला की डोळ्यातून ही पोटकाडी निघते. केन म्हणजे काडी, सब म्हणजे पोट. ती म्हणाली, "म्हणजे सबमरीन पण? पाण्याच्या पोटातली?" पेपरात शब्दाला पुढं-मागं काय जोडतात यावर प्रश्न असतो, त्यातला 'पुढं'वाला भाग सबकेननं सोडवला.

आता रोजच्या बैठकीचं सांगतो. आमच्याकडं मोटरीची लाईट आठवड्यानं पाळी बदलते. रात्रपाळी असली की दहाला लाईट येईस्तोवर जागावंच लागतं. तो वेळ ठरला. अर्धा तास, जास्त नाही. नववीचं पुस्तक काढलं तर पहिल्याच पानावर प्रत्येक ओळीत पाच-सहा शब्द अडले. असं वाचायला गेलं की जीव जातो. मी भाच्याचं सहावीचं पुस्तक मागून आणलं. तिला लाज वाटली. म्हटलं, तुला कोण देतंय, हे माझ्यासाठी आहे, मी सहावीत आहे, तू बाई. हे ऐकून ती बसली. सहावीचं तिला जमत होतं, आणि जमतंय म्हटल्यावर पेन्सिल हातात घ्यायची गरज राहिली नाही. सहावीनंतर सातवी, मग आठवी. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या वेबसाइटवर पीडीएफमध्ये फुकट मिळतात, विकत घ्यायची वेळ आली नाही. जानेवारीअखेर आम्ही तिच्या नववीत आलो. मला कुणी एकच गोष्ट विचारली तर मी ही सांगेन: पोराला त्याच्या इयत्तेच्या पुस्तकापाशी झुंजवत ठेवू नका, दोन-तीन पायऱ्या खाली उतरा. आणि ती पायरी तुमच्या स्वतःच्या नावावर खपवा, म्हणजे त्याचा मान राहतो.

पद्धत अशी की ती एक परिच्छेद मोठ्यानं वाचणार, मी बोट ठेवून मागोमाग जाणार, मग ती मराठीत सांगणार. सुरुवातीला मी प्रत्येक अडखळणीला मध्ये तोंड घालायचो. आठव्या की नवव्या दिवशी तिनं पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "तुम्ही पानाच्या शेवटाला बोला. मधी बोलला तर मी उठणार." कायदा पास झाला. गप्प बसणं मला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी अवघड गेलं. दोनदा कायदा मोडला आणि ती दोन्ही वेळा खरोखर उठून गेली.

उच्चारांत तर मीच मार खाल्ला. फळात उरलेल्या औषधाच्या अंशाला आम्ही झाडून सगळे 'रेसिड्यू' म्हणतो, व्यापारी म्हणतात, दुकानदार म्हणतात. मोबाइलमधल्या डिक्शनरीत स्पीकरच्या खुणेवर बोट ठेवलं तर ती बाई म्हणाली 'रेझिड्यू'. मी तीनदा दाबलं. तिन्ही वेळा तेच.

लिहिण्याचं दुखणं वेगळं होतं. पालकसभेला गेलो तेव्हा शाळेतल्या इंग्रजीच्या सरांनी तिची वही पुढ्यात ठेवली. पत्र होतं, मैत्रिणीला. त्यात 'आय हॅड गॉन टू तासगाव यस्टर्डे', 'माय अंकल हॅड कम ऑन संडे', 'वी हॅड इटन पुरणपोळी'. प्रत्येक 'हॅड'भोवती लाल गोल. सर म्हणाले, "हे हिचं एकटीचं नाही, आपल्या सगळ्या पोरांचं आहे. आपण मराठीत काय म्हणतो? काल तासगावला गेले होते. 'होते' आलं की पोरं 'हॅड' ठोकतात. इंग्रजीत काल झालं आणि संपलं तर नुसतं 'वेंट'. हॅड कधी, तर दोन गोष्टी झाल्या आणि त्यातली आधीची कुठली हे सांगायचं असेल तेव्हा."

हे मला इतकं लख्ख कळलं की मी घरी येईस्तोवर गाडीवर घोकत आलो. 'आम्ही पोचलो तेव्हा एसटी गेली होती', इथं हॅड. 'काल मी बाजारला गेलो होतो', इथं नाही. रात्री तिच्याशी खेळ लावला. मी मराठी वाक्य टाकायचं, तिनं नुसतं 'हॅड आहे' किंवा 'हॅड नाही' म्हणायचं. इंग्रजी करायचंसुद्धा नाही. धाकटा त्यात घुसला, मग आई घुसली. "माझं लगीन झालं तवा तुझ्या आज्ज्यानं घड्याळ इकलं होतं," ती म्हणाली. पोरगी विचारात पडली आणि ओरडली, "हॅड! आधी घड्याळ, मग लगीन!" आमच्या आईला इंग्रजीचं एक अक्षर येत नाही, पण त्या रात्रीचं सगळ्यात चांगलं वाक्य तिचं होतं.

असंच 'डिस्कस अबाउट'चं. आपल्याकडं 'विषयी चर्चा' होते म्हणून पोरं अबाउट लावतात. इंग्रजीत डिस्कसच्या पोटातच ते 'विषयी' असतं. मला वाटतं घरच्या अडाणी माणसाला करण्यासारखं सगळ्यात मोठं काम हेच आहे. चूक कुठून येते ते आपल्याला बरोबर दिसतं, कारण ती आपल्याच मराठीतून येते. 'अ', 'ॲन', 'द'वर मात्र आमच्याकडं फवारा नाही. मराठीत ती भानगडच नसल्यानं ती अंदाजानं टाकते, आजही. वाचून वाचून कानाला बसेल तेवढंच, असं सर म्हणाले.

दहावीचं वर्ष सुरू झालं आणि कृतिपत्रिका, म्हणजे बोर्डाची प्रश्नपत्रिका, हे प्रकरण कळलं. पेपर ८० चा, २० शाळेच्या हातात. त्यात तक्ता किंवा आकृती देऊन त्यावरून परिच्छेद लिहायचा प्रश्न असतो, किंवा उलटं. ते बघून आम्ही एकमेकांकडं बघितलं. तक्ता म्हटलं की आमच्याकडं औषधाच्या चोपड्यांचा डबाच भरलेला. तिनं एकेक चोपडी घेऊन परिच्छेद लिहिले, 'द फार्मर शुड वेट फॉर सो मेनी डेज आफ्टर द लास्ट स्प्रे' वगैरे. सरांनी विचारलं म्हणे, हे कुठल्या गाइडातलं? न बघितलेला उतारा आला की ती पूर्वी सोडूनच द्यायची. आता आधी प्रश्न वाचून मग उतारा वाचायची युक्ती तिची तिनंच काढली. कवितेचं रसग्रहण मात्र तिनं शेवटपर्यंत पाठच केलं. मी काही बोललो नाही. तिथं मलाही काही कळत नव्हतं.

सगळं सरळ चाललं असं समजू नका. ऐन दहावीच्या वर्षात, डिसेंबरच्या तोंडावर हवा ढगाळली आणि पंधरा दिवस मी घरात नुसता झोपायला होतो, तेही नीट नाही. बैठक मोडली. मला वाटलं गेलं सगळं पाण्यात. एका रात्री साडेनऊला चिखलाचे पाय घेऊन आलो तर चुलीपाशी पोरगी वाचतेय आणि बायको भाकरी थापतेय. बायकोचं शिक्षण सातवी. ती बोट ठेवत नव्हती, चुका काढत नव्हती, तव्यावरची भाकरी उलथताना फक्त म्हणत होती, "मग? त्या पोराचं पुढं काय झालं? घावला का न्हाई त्याचा बाप?" आणि पुढं काय झालं हे सांगायचं म्हणून पोरगी भराभरा पुढची ओळ वाचत होती, माझ्यापुढं कधी वाचली नाही इतक्या वेगानं. मी दारात तसाच उभा राहिलो. बोट ठेवायचं, पानाच्या शेवटी बोलायचं, हे माझे सगळे कायदे तिथं उगाच वाटले. त्यानंतर वाचनाचं खातं बायकोकडं गेलं. माझ्याकडं हॅड आणि तक्ते राहिले.

मोबाइलचं दोन ओळींत उरकतो. इंग्रजी शिकायचं ॲप म्हणून घेतला की दहा मिनिटांत रील चालू. शेवटी डिक्शनरीपुरता माझा फोन, माझ्यासमोर. यावर भांडणं झाली, अजून होतात.

तोंडी परीक्षेत तिनं बेदाण्यावर पाच वाक्यं बोलली. सहावं येईना म्हणून गप्प उभी राहिली, असं तिनंच येऊन सांगितलं.

२०२४ च्या मार्चला बोर्डाचा पेपर होता तेव्हा आमची काढणी चालू होती. व्यापाऱ्याची माणसं बागेत, क्रेट भरणं चालू आणि मी तिला केंद्रावर सोडायला निघालेलो. वाटेत काहीतरी आठवण करून द्यावी म्हणून मी म्हटलं, हॅड बघून टाक. ती मागून म्हणाली, "पप्पा, गाडी बघून चालवा."

निकाल लागला. इंग्रजीत ६४. मी मनात ७५ धरले होते, खोटं कशाला बोलू. तिचा चेहरा पडेल म्हणून मी पेढे आणले तर ती म्हणाली, "तुमच्यापेक्षा ३५ जास्त आहेत," आणि पहिला पेढा आईच्या तोंडात घातला. माझे २९ तिला कुणी सांगितले होते हे मी विचारलं नाही. घरात आज्जी आहे.

आता ती अकरावी-बारावीला तासगावात आहे, सायन्सला. पुस्तकं सगळी इंग्रजीतून, आणि मला त्यातलं काही झेपत नाही. धाकटा सातवीत गेलाय आणि त्याला बागेतल्या शब्दांची ती डायरी नको आहे. त्याला क्रिकेट पाहिजे. तो मॅचची इंग्रजी कॉमेंट्री लावतो आणि 'एज', 'गॅप', 'यॉर्कर' म्हणत घरभर फिरतो. ते कसं वळणाला लावायचं याचा विचार चालू आहे.

गेल्या छाटणीनंतर दुकानात गेलो होतो. दुकानदार काउंटरवर बाटली ठेवून म्हणाला, "हे घ्या, काढणीपर्यंत याचा रेसिड्यू अजिबात राहत नाही."

"रेझिड्यू," मी म्हटलं.

"काय?"

"काही नाही. ती चोपडी द्या इकडं, आणि बिल करा."